‘मिळूनी’चा पहिला पेपर

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलेल्या माणसानं रोजचं रोज लिहून ठेवावं. कुणी वाचावं म्हणून नाही, आपलं आपल्याला.

तर नोंद. हिंजवडीजवळ माणच्या कंपनीत नऊ वर्षं दुसऱ्यांची सॉफ्टवेअर्स दुरुस्त केली. दसऱ्याला राजीनामा दिला. आता स्वतःचं. नाव ‘मिळूनी’. शाळेतली पोरं, शिक्षक आणि पालक सगळे एकाच वेबसाइटवर. मिळून शिकायचं, मिळून गणितं सोडवायची, पेपरही तिथंच द्यायचे. आपल्या लोकांना मिळून काम करता येत नाही. ते आता मी शिकवणार.

ऑफिस आमच्याच चाळीत, वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. एमआयडीसीत जमीन गेल्यावर वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, निघोज्यात या खोल्या बांधल्या. भाडेकरू सगळे जवळच्या प्लांटमधले कामगार. मी दारावर ‘इनोव्हेशन लॅब’ अशी पाटी लावली. आप्पा म्हणाले, फेब्रुवारीपर्यंत वापर, मंग खोली भाड्यानं द्यायची हाय. मी म्हणालो, आप्पा, फेब्रुवारीत आपण हिंजवडीला अख्खा मजला घेऊ. ते म्हणाले, व्हय व्हय, पण खोली रिकामी कर.

संकल्प: रोज आठ तास कोड. चहा दोनदाच.

५ नोव्हेंबर, बुधवार

चहा पाचदा. थंडी आहे.

पार्टनर सोहेल आला. माणलाच ओळख झाली, माझ्यामागोमाग त्यानंही नोकरी सोडली. आकुर्डीला त्याच्या वडिलांचं, शौकतचाचांचं, गॅरेज आहे. तिथून रोज बाइकवर येतो. पोरगा हुशार, पण व्हिजन नाही. म्हणाला, भाऊ, आधी एक साधं पान करू. पोरगं आलं, पेपर सोडवला, मार्क बघितले, गेलं. बाकीचं मग बघू. मी म्हणालो, साधं पान कुणीही करेल. तो म्हणाला, मग अजून कुणी केलं का नाही? याला म्हणतात निगेटिव्ह माइंडसेट.

दिवसभर लोगो केला. रंग ठरत नाहीये.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लोगो झाला. शिवाय वेबसाइट उघडताना स्क्रीनवरून एक मुंगी चालत जाते. मुंग्या मिळून काम करतात, म्हणून. पाय हलवायलाच आठवडा गेला. सहा पाय काही कमी नसतात.

स्नेहलला दाखवली. स्नेहल म्हणजे माझी बायको, म्हाळुंग्याच्या रस्त्यावरच्या शाळेत दहावीला गणित शिकवते. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, अहो, हे झुरळ आहे का? गणितवाल्यांना सौंदर्यदृष्टी नसते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोठा दिवस! स्नेहलनं मुख्याध्यापिका इंद्रायणी मॅडमकडे शब्द टाकला. जानेवारीत दहावीचा गणिताचा सराव पेपर ‘मिळूनी’वर. पोरं घरी बसून देणार. नीट झाला तर जूनपासून अख्खी शाळा आपल्याकडे.

नाही झाला तर मी गपचूप माणला परत नोकरीला जाणार. तसं स्नेहलला आईची शपथ घेऊन सांगितलं. आई समोरच भाकरी थापत होती. म्हणाली, माझी कशापायी घेतोस, सोताची घे की.

झोपायच्या आधी स्नेहल म्हणाली की, इतक्या वर्षांत शाळेत कुणासाठी शब्द टाकला नव्हता, सगळ्या स्टाफसमोर टाकलाय, मला तोंडघशी पाडू नका. मी म्हणालो, तू निर्धास्त राहा. ती म्हणाली, तेच तर जमत नाही.

संकल्प: उद्यापासून फक्त पेपरचं पान. बाकी काही नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

गुरुवार. प्लांटला आठवड्याची सुट्टी, म्हणजे चाळीत जत्रा. एकीकडे टीव्ही, दुसरीकडे मटणाच्या फोडण्या, अंगणात गाड्या धुणं. काम करायचं तरी कसं?

त्यात सोहेलशी लॉगिनवरून वाजलं. मी ठरवलंय की पोरगं लॉगिन करायला गेलं की वडिलांच्या मोबाईलवर ओटीपी जाणार. वडिलांनी तो सांगायचा, मगच पेपर उघडणार. सुरक्षा पण झाली आणि पालकांचा सहभाग पण. नंबर शाळेच्या दप्तरी आहेतच. सोहेल म्हणतो, हजेरी क्रमांक आणि नाव टाकू दे, बास. हजेरी क्रमांक! ब्रिटिशांनी केलेली गोष्ट.

मग म्हणाला, भाऊ, माझा भाऊ अय्याज प्लांटला आहे, दिवसभर त्याला फोन लागत नाही. मी म्हणालो, त्याला सिम बदलायला सांग. सोहेलनं लॅपटॉप मिटला. त्याच्या भावाच्या नेटवर्कचा आणि माझ्या सॉफ्टवेअरचा काय संबंध, राव?

९ डिसेंबर, मंगळवार

खालची शालनबाई. नवऱ्याला दुपारी काही निरोप द्यायचा असला की कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला फोन करते, तिथून मग निरोप आत जातो. नवऱ्याकडे चांगला पंधरा हजाराचा मोबाईल असताना! आपल्या लोकांना तंत्रज्ञान वापरायचंच नाही. यावर एक लेख लिहायला हवा.

लेखाचं शीर्षक तयार केलं. पेपरचं पान उद्या.

२२ डिसेंबर, सोमवार

‘मिळूनी’त आता काय काय आहे: चर्चेचा कट्टा, सगळ्यांना एकदम लिहिता येईल असा फळा, पोरांना बिल्ले, शिक्षकांना बिल्ले, पालकांना बिल्ले. पेपरचं पान तेवढं राहिलंय.

आज मी बिल्ल्यांवर सोनेरी कड देत होतो, तेवढ्यात सोहेलनं एका दुपारीत पेपरचं पान करून दाखवलं. पांढरं पान, काळी अक्षरं, खाली एक बटण. सरकारी नोटीस दिसते. मी ते ‘मिळूनी’त घेतलं, पण पुढं ओटीपी लावला, मुंगी लावली, बिल्ल्यांच्या पायऱ्या लावल्या. त्याला सांगितलं की तुझं मूळ पान डिलीट करून टाक. तो बरं म्हणाला. ऐकणारा आहे, एवढं मात्र खरं.

१ जानेवारी, गुरुवार

संकल्प: (१) सकाळी सहाला उठणे. (२) सोहेलला व्हिजन देणे. (३) स्नेहलशी कमी वाद.

उठलो नऊला. सोहेल आलाच नाही, सुट्टी घेतली म्हणे. स्नेहलशी वाद झाला. मी चिडचिड करतो, असं तिचं म्हणणं. मी कुठं चिडचिड करतो?

८ जानेवारी, गुरुवार

दणदणीत यश!!

आज रंगीत तालीम. पूर्ण वर्गाला संध्याकाळी पाचला घरून लॉगिन करायला सांगितलं होतं. पोरांनी आयांच्या फोनवर ‘मिळूनी’ उघडलं, ओटीपी बापांच्या फोनवर गेला, बापांनी वाचून दाखवला, पोरं आत! आमच्या चाळीत तर मी डोळ्यांनी बघितलं. शालनबाईचा नवरा बनियनवर खाटेवर बसून खणखणीत आवाजात आकडे वाचत होता, आणि त्यांचा विक्की टाइप करत होता. बाप आणि मुलगा, मिळून! डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांचं लॉगिन झालं, एकही पोरगं मागं नाही.

स्नेहल किती दिवसांनी हसली. रात्री बासुंदी.

सोहेलचं मात्र तोंड वाकडंच. म्हणे, भाऊ, एकदा कामाच्या दिवशी करून बघू, पेपर शनिवारी आहे. मी म्हणालो, सोहेल, सर्व्हरला वार कळत नाहीत. तो म्हणाला, सर्व्हरला नाही कळत, पण प्लांटला कळतात. मग पेपरच पुढच्या गुरुवारी ठेवू म्हणाला. गुरुवारी कुठं लाँच असतो का? शनिवार कसा कॉर्पोरेट वाटतो. बोलून तोंड दुखलं. शेवटी हेल्मेट घालून निघून गेला.

१६ जानेवारी, शुक्रवार

घोडामैदान जवळ आलं. उद्या अकराला.

नवा शर्ट इस्त्री करून ठेवला. इंद्रायणी मॅडमचा फोन आला तर काय बोलायचं, ते आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. सुरुवात ‘हे यश माझ्या एकट्याचं नाही’ अशी ठेवलीय.

स्नेहल तीन आठवडे प्रश्न काढत होती, एकेक गणित तीनतीनदा सोडवून बघत होती. आज जेवताना म्हणाली, पोरांची बोर्डाच्या आधीची शेवटची मोठी प्रॅक्टिस आहे, एवढी नीट होऊ दे. मी म्हणालो, तालीम झालीय ना, आता हातच्या काकणाला आरसा कशाला?

१७ जानेवारी, शनिवार. सकाळी साडेदहा

सगळं सज्ज. मुंगी चालतेय. सोहेलला फोन करून म्हणालो, आज तू घरी आराम कर, मी एकटा सांभाळतो.

त्याच दिवशी, अकरा वाजून गेल्यावर

नऊ जण आत. बाकीचे दारातच. बाप लोक काय करतायत? ओटीपी जातायत, इथं दिसतंय. ही पालकांची अनास्था!

शालनबाई तणतणत वर आली. म्हणाली, तुमचा तो नंबर आमच्या मालकांच्या फोनवर गेलाय आन् फोन हाय गेटवर लॉकरात. प्लांटात कुणाला फोन नेऊ देत न्हाईत, कॅमेरा असतो म्हणून. सुटल्यावरच हातात मिळतो. मी म्हणालो, कधीपासून? ती म्हणाली, कंपनी झाल्यापासून.

ही माहिती मला आजवर कुणीही दिलेली नव्हती! आता स्वतःच बघतो जाऊन. लीडर फील्डवर उतरला पाहिजे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांतपणे लिहितो.

प्लांट बाइकवर पाच मिनिटं. गेटवर भीमराज भेटला, शाळेतला बेंचवरचा मित्र, आता सिक्युरिटी सुपरवायझर. म्हणाला, आत जायचं तर पास कर. पास केला. म्हणाला, मोबाईल जमा कर. जमा केला. मग एका खोलीत बसवून सेफ्टीचा व्हिडिओ दाखवला, आणि शेवटी त्यावर पेपर. कागदावर, पेनानं टिक करायचा. मला दहापैकी नऊ. आग लागल्यावर कुठं जमायचं, तेवढं चुकलं.

आत गेलो तर एचआरचा माणूस म्हणाला, लाइनवरचा माणूस हलवता येणार नाही. शालनबाईचा नवरा लांबून दिसला. मी हात केला, त्यानंही केला. मी ओरडून ओटीपी विचारला. तो ओरडून म्हणाला की फोन लॉकरात आहे. मी परत गेटवर आलो.

सेकंड शिफ्टचे बाप घरी असतात, नाईटचे फोन बंद करून झोपलेले असतात, हेही भीमराजनं सांगितलं. म्हणजे ते नऊ सेकंडवाल्यांची पोरं. महत्त्वाचा डेटा मिळाला.

सुटेपर्यंत गेटच्या बाकावर थांबलो. वाटलं, निदान तेव्हा तरी ओटीपी गोळा करू. शिफ्ट सुटली, लॉकर उघडले, लोकांनी बंद फोन चालू केले, आणि काय सांगू! सगळ्या बाजूंनी फोन एकदम टिंगटिंग वाजायला लागले. सगळे माझे ओटीपी! मुदत पाच मिनिटांची ठेवलेली, त्यामुळे उपयोग नव्हता, पण डिलिव्हरी शंभर टक्के.

माझा फोन परत मिळाला. स्नेहलचे ढीगभर मिस्ड कॉल. पण साडेअकरानंतर एकही नाही. लगेच तिला फोन केला. म्हणाली, हो, पेपर झाला, सगळ्या वर्गानं दिला. आवाज दमलेला वाटला. मी विचारलं, सगळ्यांनी? ती म्हणाली, सगळ्यांनी, घरी या आता.

म्हणजे सिस्टिम आपोआप सावरली!! मी लिहिलेला कोड माझ्यापेक्षा शहाणा निघाला. येताना पेढे घेतले.

२० जानेवारी, मंगळवार

अजून हवेत आहे. पेढे अख्ख्या चाळीत वाटले. शालनबाईनं पेढा घेतला आणि आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. बायकांचं आपलं काहीतरी चाललेलं असतं.

एक किरकोळ अडचण. डॅशबोर्ड म्हणतो, शनिवारी नऊच जणांनी पेपर उघडला. दिला तर सगळ्या वर्गानं. म्हणजे पोरं मोजणारा काउंटर चुकतोय. दुरुस्त करायला घेतला.

२३ जानेवारी, शुक्रवार

काउंटर तीनदा नव्यानं लिहिला. तरी नऊ. फारच खोल बग आहे.

सोहेलला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, राहू दे ना भाऊ काउंटर. हल्ली तो फार कमी बोलतो. यशाचं दडपण सगळ्यांना पेलत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

शाळेत झेंडावंदनाला गेलो. स्नेहल म्हणत होती, अहो, राहू द्या, थंडी आहे. गेलोच, नवा शर्ट घालून. भाषण करायला सांगितलं तर हाताशी असावं म्हणून खिशात चार मुद्दे. नाही सांगितलं.

इंद्रायणी मॅडम भेटल्या. पेपर छान झाला म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, सोहेल नाही आले? जिलेबी घेताना परत तेच. निघताना तिसऱ्यांदा. मोठी माणसं अशीच असतात, ज्युनिअर स्टाफचीसुद्धा आठवण ठेवतात.

येताना गाडीच्या आरशात स्नेहल डोळे पुसताना दिसली. रडली असावी. आनंदानं, दुसरं काय.

३१ जानेवारी, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

सकाळी जूनपासूनचा करार तयार करून, शर्ट घालून शाळेला निघालो. आप्पा ओट्यावर होते. म्हणाले, बोलाचीच कढी. मी काय ते विचारलं तर उठून आत गेले. मग आईनं हाताला धरून पायरीवर बसवलं. म्हणाली, जाऊ नगंस, रणजीत. तिथं आपलं हसं व्हईल.

मग सगळं सांगितलं. त्या दिवशी पोरं दारात अडकली, स्नेहल फोन करकरून थकली. मी गेटवर, फोन लॉकरात. शेवटी तिनं सोहेलला फोन लावला. त्यानं ते पांढरं पान डिलीट केलंच नव्हतं. शालनबाईनं आईला सांगितलं तसं, दहा मिनिटांत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक आली, हजेरी क्रमांक आणि नाव टाकलं की पेपर. सगळ्यांनी दिला. आत गेलेली माझी नऊ पोरं तेवढी ‘मिळूनी’वर होती, त्यातली चार मुंगी अडकल्यामुळं तिकडे गेली.

चाळीत सगळ्यांना माहीत होतं. शाळेला माहीत होतं. स्नेहलनंच सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं की, त्यांना एकदम कळू देऊ नका, मीच सांगते बेतानं. पण तिच्यानं सांगवंना, आई म्हणाली. तू पेढं वाटत सुटलास. दोन आठवडं ती पोर धड जेवली न्हाई, तुझ्या ध्यानात तरी आलं का?

नाही आलं. मी काउंटर दुरुस्त करत होतो.

फार वाईट वाटलं. सोहेलचा राग यावा म्हणून बराच वेळ बसून राहिलो. आला नाही.

दुपारी स्नेहल शाळेतून आली. मी म्हणालो, कळलं मला. ती दारातच बॅग घेऊन उभी राहिली. मग म्हणाली की, त्या दिवशी मॅडम समोर उभ्या, पोरांच्या आयांचे फोनवर फोन, आणि तुमचा फोन वाजतोय पण कुणी उचलत नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग सोहेलला फोन लावला. मी म्हणालो, चुकलो. हे म्हणायला मला फार वेळ लागला. ती म्हणाली, जेवलात का? आम्ही दोघं जेवलो.

जूनपासून शाळा सोहेलचं पान वापरणार. सोहेल मॅडमना म्हणाला, नाव ‘मिळूनी’च ठेवा, भाऊंना नाव चांगलं सुचलंय. तेवढं माझं.

मी विचारलं, मग आता मी काय करू? स्नेहल म्हणाली, माणला अर्ज करा. आणि सोमवारी सोहेलची नोकरीची मुलाखत आहे, भूमितीचा पेपर सकाळी त्याच्या पानावर तुम्ही टाका. फक्त टाका. बाकी काही करू नका.

२ फेब्रुवारी, सोमवार

माणला अर्ज केला. खोली रिकामी केली. आप्पांनी दुपारीच भाडेकरू आणला, नाईट शिफ्टवाला आहे.

पेपर सात वाजता टाकला. साडेसातपर्यंत सगळी पोरं आली. पान फारच साधं आहे, दोन-तीन गोष्टी तर तिथल्या तिथं सुधारता आल्या असत्या. हात लावला नाही.